पलीकडच्या नऊजणी

लवू घाडीला व्याख्यानाचं आमंत्रण आलं, ही बातमी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत जेवणाच्या सुट्टीआधीच सगळीकडे झाली. झाली म्हणजे काय, बाळा मेस्त्रीने ती केली. बाळाच्या कानात पडलेली गोष्ट आणि वेशीवर टांगलेली गोष्ट यांत फारसा फरक नसे. पण बातमी होतीच तशी. लवू म्हणजे पंख्यांचे पत्र्याचे भाग दाबणाऱ्या कारखान्यातला प्रेसवरचा सेटर, म्हणजे प्रेसमध्ये डाय, साचे, बसवून देणारा, शिक्षण सातवी, तेही सावंतवाडीकडच्या शाळेत छड्या खाऊन केलेलं. आणि अंधेरीच्या वाचनालयाने त्याला मे महिन्यातल्या व्याख्यानमालेत बोलावलं होतं. आदल्या दिवशी निवृत्त न्यायाधीश, दुसऱ्या दिवशी लवू. पत्रिकेत विषय छापला होता, 'एकही माणूस न गमावता : दक्षिण ध्रुवाकडे निघालेला शॅकल्टन आणि आमचे पाच महिने'.

हे पाच महिने म्हणजे त्र्याऐंशीच्या सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंतची टाळेबंदी. शेठला निम्मी माणसं कमी करायची होती. माणसं तयार झाली नाहीत, तेव्हा त्याने एका सकाळी फाटकाला कुलूप घातलं. अशा टाळेबंद्या आजूबाजूला चिक्कार चालू होत्या आणि बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांत माणसं गळत, पांगत, कुणी गावी जाई, कुणी शेठच्या बंगल्यावर जाऊन पाय धरी. लवूच्या फाटकावरून एकही माणूस हलला नाही. त्याचं श्रेय लवू उघडपणे एका गोऱ्याला देत असे.

झालं असं, की कुलूप लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात, घरी बसून डोकं फिरेल म्हणून लवू वाचनालयात जाऊ लागला होता. तिथे एका जुन्या मासिकाच्या बांधीव खंडात त्याला शॅकल्टनची हकिगत सापडली. शेवटच्या पानांवर वाळवीने ताव मारला होता, पण मुख्य गोष्ट शाबूत होती. जहाज बर्फात अडकलं, दहा महिने अडकून राहिलं आणि मग बर्फाने ते सुपारीसारखं फोडलं. तेव्हा हा माणूस आपल्या लोकांना शांतपणे म्हणाला, जहाज गेलं, सामान गेलं, आता आपण घरी जाऊ. माणसं होती त्याच्यासकट अठ्ठावीस. सगळी जिवंत परत आली.

लवूने फाटकावरची माणसं मोजली होती. त्याच्यासकट अठ्ठावीस.

आकडा जुळला आणि लवूला वाटलं, ही हकिगत कुणीतरी आपल्यासाठीच लिहून ठेवली आहे. आकडा जुळला की माणूस पुढचं गणित तपासत नाही, हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने एक वही केली आणि अठ्ठावीस नावं लिहिली. रोज सकाळी आठच्या ठोक्याला फाटकावर हजेरी. कारखाना बंद असला म्हणून माणूस बंद पडता कामा नये, हे त्याचं म्हणणं. शॅकल्टन कुरकुऱ्या माणसांना मुद्दाम आपल्याच तंबूत झोपवी, म्हणजे कुरकुर दुसऱ्या तंबूत पसरत नसे. लवूने नंदू पेडणेकरला आपल्या ताडपत्रीवर बसवलं आणि पाच महिने त्याची टकळी एकट्याने सोसली. शॅकल्टनने सोन्याची नाणी बर्फात फेकली पण एकाचं बॅन्जो नावाचं वाद्य मात्र टाकू दिलं नाही. लवूने बाळाला पेटी आणायला लावली आणि रोज दुपारी भजन सुरू केलं. सगळ्यात त्याच्या मनात बसली होती ती दुधाची गोष्ट. वादळात होडी हाकताना एखादा गारठून ढासळतोय असं दिसलं, की शॅकल्टन सगळ्यांनाच गरम दूध द्यायला सांगे. कुणासाठी ते बोलत नसे. लवूच्या फाटकावरही कुणाचा चेहरा उतरला की अठ्ठावीस चहा सांगितले जात. दादू अहिरेची बायको इस्पितळात होती त्या आठवड्यात लोक चहा पिऊन पिऊन बेजार झाले.

"तुझा तो शेकलटन," दादू त्याला चिडवी, "बर्फात राहून शेकलेला माणूस. आपल्याला इथे उन्हात गारठवणार."

पण दादूच रोज सगळ्यांत आधी हजेरीला उभा असे.

फेब्रुवारीत शेठ नमला. तडजोडीच्या बैठकीत कामगार अधिकाऱ्याने नावांची यादी मागितली, तेव्हा कंपनीच्या यादीत काटछाट होईल म्हणून लवूने आपली वहीच पुढे सरकवली. "ह्यातलं एकही नाव गळता नये, साहेब," तो म्हणाला. एकही गळलं नाही. गुलाल उडाला, लवूला खांद्यावर घेतलं, आणि तिथपासून तो मरोळमध्ये 'अठ्ठावीसवाला' झाला.

आता व्याख्यान म्हटल्यावर तयारी हवी. वाचनालयातल्या नीलाताईंनी त्याला शॅकल्टनवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळवून दिलं. लवूचं इंग्रजी डायच्या मापांपलीकडे जात नसे, म्हणून त्याची मुलगी अनुपमा, कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती ती, रोज संध्याकाळी वाचून मराठीत सांगू लागली. लवू डोळे मिटून, मान डोलवत ऐके. ठाऊक असलेलं पुन्हा ऐकायचं सुख काही वेगळंच असतं.

व्याख्यानाला आठ दिवस असताना अनुपमा एका पानावर थांबली.

"बाबा, दुसऱ्या बाजूच्या लोकांचं पण सांगणार ना तुम्ही?"

"खंयची दुसरी बाजू?" लवू घरात मालवणीवर येत असे.

"त्याला बर्फाचं खंड आरपार चालत जायचं होतं ना? मग अर्ध्या वाटेनंतरचं खाणं कुठून आणणार? म्हणून त्याने दुसरं जहाज पलीकडच्या किनाऱ्याला पाठवलेलं. त्या लोकांनी आत येऊन त्याच्या वाटेवर अन्नाचे साठे करून ठेवायचे. त्यांचं जहाज वादळात नांगर तुटून वाहून गेलं. दहा माणसं किनाऱ्यावर राहिली. कपडे नाहीत, पुरेसं सामान नाही. तरी त्यांनी सगळे साठे केले, बाबा. ह्याने सांगितलं होतं तिथपर्यंत. ह्याचं जहाज फुटलंय, हा येतच नाहीये, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता."

"मगे?"

"तीन मेले. एक आजाराने वाटेतच. दोघं कच्च्या बर्फावर चालत गेले, परत आलेच नाहीत." अनुपमाने पान उलटलं. "ते साठे कुणी खाल्लेच नाहीत."

लवूची डोलणारी मान थांबली. अनुपमाला वाटलं, शॅकल्टनच्या कीर्तीला डाग लागला म्हणून बाबांना वाईट वाटलं. ती समजूत काढायला लागली, की मागाहून तो त्यांना आणायला गेला होता, सात जणांना आणलंही. लवूच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"मुलुंड."

कारखान्याचा एक शेड मुलुंडला होता. मरोळला दाबलेले पत्र्याचे भाग तिथे जायचे, आणि तिथल्या नऊ बायका कानशीने त्यांच्या धारदार कडा घासून, तपासून, खोक्यांत भरायच्या. त्या मुकादमाच्या हाताखालच्या, कंपनीच्या मस्टरवर नावं नाहीत. मरोळमध्ये त्यांना कुणी नावाने ओळखतही नसे. 'मुलुंडच्या बाया' एवढंच. टाळेबंदी लागली तेव्हा दाबलेल्या पण न घासलेल्या मालाचे ढीगच्या ढीग त्या शेडमध्ये पडून होते. ते घासून पाठवले असते तर शेठचे गिऱ्हाईक टिकले असते आणि शेठ वर्षभर मजेत बसला असता. ऑक्टोबरात लवू स्वतः मुलुंडला गेला होता. द्रौपदी खरात म्हणून त्यांच्यात एक पुढे होऊन बोलणारी बाई होती. तिला तो म्हणाला होता, "माझा निरोप येईपर्यंत कुणी कानशीला हात लावू नका. आपण सगळी एकच."

त्यांनी हात लावला नाही. माल पडून राहिला, गिऱ्हाईक बोंबलायला लागले आणि शेठ बोलणी करायला आला. भजन आणि चहा आपल्या जागी ठीक होते, पण लढा जिंकला होता तो मुलुंडच्या शेडमध्ये. आणि लवूने ज्या वहीवर हात ठेवून एकही नाव गळू दिलं नाही, त्या वहीत ही नऊ नावं कधी लिहिलीच गेली नव्हती. कुणी खोडली नव्हती, लपवली नव्हती. तो साफ विसरला होता. मार्चपासून मुलुंडहून घासलेला माल येत होता, तेव्हा त्याला वाटलं होतं, आल्या असतील कामावर.

रविवारी दुपारी तो मुलुंडला गेला. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत द्रौपदीचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. पन्नाशीची, काटक, जालन्याकडून नवऱ्याबरोबर आलेली आणि नवऱ्यामागे इथेच राहिलेली.

"जय भीम, लवूभाऊ. या," ती म्हणाली. तिने पाणी दिलं. तो पाणी पिऊन तांब्या खाली ठेवेपर्यंत थांबली आणि मग विचारलं, "आणला का?"

"काय?"

"निरोप. तुम्ही म्हणला होता, निरोप येईस्तोवर हात लावायचा न्हाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर लवूने तो झेलला असता. त्याने खाली मान घातली.

मग तिनेच सांगितलं. मरोळ उघडल्याचं त्यांना भाजीवालीकडून कळलं. मोठ्या माणसाला हजार कामं असतात म्हणून त्यांनी दहा दिवस वाट बघितली. मग शेडवर गेल्या तर तिथे दुसऱ्याच बायका बसलेल्या. मुकादम म्हणाला, कागदात तुमची नावं कुठेच नाहीत. मार्चमध्ये द्रौपदी मरोळच्या फाटकावरही येऊन गेली होती. लवू कुठल्याशा सत्काराला गेला होता. पेडणेकर नावाचा माणूस म्हणाला, सांगतो. त्याने सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि लवूच्या कानावरून गेलं. लवूला ते आठवेना, आणि आठवत नाही हेच त्याला जास्त लागलं.

आतून एक तिशीची बाई चहा घेऊन आली. कप डाव्या हातात होता, उजवा हात पदराखाली. कप ठेवताना पदर सरकला. अंगठा होता. चार बोटं नव्हती.

"ही शकु," द्रौपदी म्हणाली. "आमच्यात हिचा हात सगळ्यात चालाख. घरी बसून भागंना, म्हणून घाटकोपरला एका गाळ्यात प्रेसवर लागली. एप्रिलमधी झालं."

"गार्ड नव्हतं मशीनला?" लवूच्या तोंडून आपसूक निघालं. सतरा वर्षं तो प्रेस बसवत होता. त्याने बसवलेल्या प्रेसवर कुणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं.

"गार्ड काय असतं?" शकुने विचारलं.

लवूने तळहात आडवा धरून जाळी दाखवली, बोटं आत जाऊ नयेत म्हणून मशीनला लावतात ती. द्रौपदी पुन्हा त्या निरोपाबद्दल काही बोलायला लागली, तशी शकु मध्येच म्हणाली, "अक्का, भाऊंनी दिला होता की निरोप. ऑक्टोबरातच दिला होता. आपणच दुसरा अर्थ घेतला."

असं म्हणून ती आत गेली. लवूच्या हातातला चहा तसाच निवला. निरोप सांगायचाही असतो आणि निरोप द्यायचाही असतो, आणि दोन्हींना मराठीत शब्द एकच आहे, हे त्याला पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्याला रडू आलं नाही. आलं असतं तर सोपं गेलं असतं.

"मी उद्याच शेठकडे जातंय," तो म्हणाला. "तुमची नावं घालून घेतंय."

"एकटे नका जाऊ," द्रौपदी म्हणाली. "मागं पण तुम्ही एकटेच गेला होता. आमचं आम्ही बोलू. तुम्ही बरोबर या."

व्याख्यानाच्या संध्याकाळी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत कारखान्याची माणसं इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती; मानच त्यांचा होता. लवूने जहाजाची गोष्ट सांगितली, बॅन्जोची सांगितली, दुधाची सांगितली. लोक मान डोलवत होते. मग त्याने पत्रिका उचलली.

"इथे छापलंय, एकही माणूस न गमावता. ते खोटं आहे. त्याचं पण, माझं पण."

आणि त्याने पलीकडच्या किनाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि मग मुलुंडची. शकुचा हात सांगितला. नंदू पेडणेकर अर्धवट उठला, "अरे लवू, हे काय काढलंस आज?" आणि परत बसला, कारण फाटकावर 'सांगतो' म्हणणारा आपणच, हे त्याला बसता बसता आठवलं असावं.

"शॅकल्टन बर्फातून सुटून आला तेव्हा त्याच्या नावाचा डंका वाजत होता," लवू म्हणाला. "पण पलीकडच्यांना आणायला जे जहाज निघालं, त्याचा कप्तान त्याला कुणी केलं नाही. कप्तान दुसराच होता. हा त्याच्या हाताखाली गेला. धडा घ्यायचा असेल तर मला वाटतं तो हा आहे. बाकीचं मी सांगितलं ते गोष्टी म्हणून ऐका."

टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्षांनी आभार उरकले. बाहेर दादू अहिरे चप्पल शोधत होता. लवू जवळ आला तसा तो मान वर न करता म्हणाला, "माझ्या बायकोसाठी अठ्ठावीस चहा सांगितलेस तू. आणि त्या नऊजणींच्या चुलीचं काय झालं, एकानेही विचारलं नाही आपल्यातल्या. एकट्याने घेऊ नको अंगावर. आपण सगळ्यांनीच माती खाल्ली."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी सभा झाली. त्या नऊजणींना कामावर घेईपर्यंत प्रेस बंद, असं लवूने मांडलं. पुन्हा बसायचं? आत्ता कुठे चूल पेटलीय, आणि तेही मुकादमाच्या बायांसाठी? सातजणांनी कुरकुर केली. नंदूने केली नाही. दुपारपासून प्रेस थांबले ते नऊ दिवस थांबले. ह्या वेळी फाटकावर सदतीस माणसं होती. शकुला टाके दाखवायला जावं लागे, त्या दिवशी छत्तीस.

दहाव्या दिवशी शेठने बोलावलं. द्रौपदी पुढे, लवू मागे असे दोघं केबिनमध्ये गेले. शेठने सवयीने लवूकडे बघितलं. "बोल लवू, काय म्हणणं?"

"मी ह्यांच्याबरोबर आलोय, शेठ," लवू म्हणाला आणि मागच्या खुर्चीवर बसला.

घासाघीस तासभर चालली. नव्या बायकांना काढायचं नाही, असं द्रौपदीनेच आधी सांगून टाकलं. त्यांच्या पोटावर पाय देऊन आम्हाला जागा नको. त्यावर शेठ म्हणाला, मग जागा कुठून आणू, मरोळमध्ये तपासणीचं नवीन टेबल लावतोय तिथे मावतील तेवढ्या घेतो. कंपनीच्या मस्टरवर, कायम. पण आठ. नववी नाही. त्याने हातातली फूटपट्टी टेबलावर आपटली. आठ म्हणजे आठ.

लवूला त्यातली मेख कळली. शेठला शकु नको होती. आणि वाटाघाटीत मुरलेलं लवूचं डोकं लगेच म्हणालं, घे, आठ घे, कायम नोकरी आहे, शकुचं मागाहून बघू. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. त्याच्या तोंडून असं मागाहूनचं बोलणं एकदा निघून गेलं होतं.

"आठ तर आठ," द्रौपदी म्हणाली. "पण नावं मी सांगणार. लिहा. शकुंतला दिगंबर वाघमारे."

"तिला हात नाही."

"तपासायला डोळे लागतात, शेठ, आणि खोकं मोजायला डावा पुरतो. लिहा." तिने एकेक नाव सांगितलं, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, थांबत थांबत, शेठच्या कारकुनाचं लिहून होईपर्यंत. आठवं नाव झालं आणि ती गप्प बसली.

"आणि तुझं?" कारकुनाने विचारलं.

"आठ झाली की."

लवू उठून उभा राहिला. "द्रौपदीबाई, असं नाय चालणार. शेठ, हिचं नाव..."

"बसा लवूभाऊ," ती मागे न वळता म्हणाली.

शेठने कागद झटकन तिच्यापुढे सरकवला. डोईजड माणूस आपण होऊन बाहेर राहतोय, ह्याहून स्वस्त सौदा त्याला मिळणार नव्हता. कामगारांची प्रतिनिधी म्हणून खाली सही तिची हवी होती. तिने पेन हातात घट्ट धरलं आणि एकेक अक्षर जोडत लिहिलं, द्रौपदी भीमराव खरात. वरच्या यादीत ते नाव नव्हतं.

जिन्यात लवूने तिला गाठलं. "असं कशाला केलंत? चूक माझी होती ना?"

"तुमची होतीच," ती म्हणाली. ती कठड्याला धरून एक पायरी उतरली. "पण भाऊ, तुम्ही थांबवलं ते मला. शकु तर नोव्हेंबरातच म्हणत होती, अक्का, मी कामावर जाते, पोरं उपाशी हायत. तिला थांबवणारी मी."

खाली फाटकाशी आठजणी उभ्या होत्या. त्यांच्यामागे दादू, नंदू, बाळा आणि बाकीचे. शकु पुढे आली. "काय झालं, अक्का?"

"झालं," द्रौपदी हसून म्हणाली. "सोमवारपासून सगळ्या कामावर."

एकच गलका झाला. बाळाने कुठूनसा गुलाल पैदा केला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, पुरुष टाळ्या पिटू लागले. सगळ्या म्हणताना तिने स्वतःला मोजलं नव्हतं, आणि त्या गर्दीत ते लवूशिवाय कुणाच्याच लक्षात आलं नाही.